वाट दाखवणारा हात

आजोबा ही गोष्ट सांगताना उजवा हात वर करून दाखवत, आणि तो हात बराच वेळ तसाच राही. "मी काय केलं नाय. कचेरी कुठं म्हणून विचारलंन, मी दाखवली."

जानेवारी १९४८चा शेवटचा आठवडा. आजोबा तेव्हा चौदा वर्षांचे. बोर्ली पंचतनच्या आमच्या वाडीतली सुपारी बैलगाडीत घालून ते वडिलांबरोबर म्हसळ्याला गेले होते. देश स्वतंत्र होऊन पाच महिने उलटले होते, पण मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा सगळा मुलूख अजून जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाच्या अमलात होता. महाडच्या बाजूने आलेल्या तरुणांनी वाट विचारली, आणि आजोबांनी हात वर केला. हात केल्यावर त्यांना आठवलं, की कचेरीत शिपाई म्हणून शेजारचे चाचा आहेत. त्याच चाचांनी त्यांना विहिरीत पोहायला शिकवलं होतं.

ते तरुण लोकसेनेचे होते. महाडचे नानासाहेब पुरोहित त्यांचे पुढारी, आणि नाते गावचे मोहन धारिया त्यांतले बिनीचे. आधी म्हसळा गेलं, मग श्रीवर्धन. ३१ जानेवारी हा आपल्याकडे जंजिरा मुक्तिदिन.

मोहन धारियांवर जे जे हाती लागलं ते मी वाचत आलो आहे. बहुतेक चरित्रलेखांत जंजिऱ्याला एक वाक्य मिळतं: लोकसेना उभारली आणि सिद्दीच्या राजवटीतून जनतेला मुक्त केलं. पुढच्याच ओळीत लेखणी दिल्लीला पोचते. खासदारकी, मंत्रिपद, आणीबाणीतला तुरुंगवास, जनता सरकार, मग 'वनराई' संस्था, २००५चं पद्मविभूषण. यातलं खोटं काहीच नाही. पण माणूस पुढे मोठा झाला, की चरित्रकार त्याचं तरुणपण मागून प्रस्तावनेसारखं जोडतो, आणि तिथेच चरित्र उणं पडतं असं मला वाटतं.

तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. धारियांचा जन्म १४ फेब्रुवारी १९२५चा. १९४२च्या सप्टेंबरात महाडच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळ्या चालल्या, पाच जण हुतात्मा झाले. चळवळीत उतरलेला हा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. जंजिऱ्याच्या वेळी तेविसावं वर्ष पुरं व्हायला त्याला पंधरवडा होता. कचेरीवर चालून जाणं म्हणजे काय, हे महाडने पाच जीव देऊन दाखवलेलं असताना हाच मुलगा साडेपाच वर्षांनी दुसऱ्या कचेरीसमोर उभा राहतो, तेव्हा बरोबरच्या पोरांना काय सांगतो? समोर उभ्या शिपायाकडे कसा बघतो? मार्च १९७५मध्ये याच माणसाने जयप्रकाश नारायणांशी बोलणी करा असा आग्रह धरला आणि त्यापायी मंत्रिपद गमावलं. समोरच्याशी बोललं पाहिजे, ही गोष्ट तो कुठे शिकला? त्याचं उत्तर महाड-म्हसळ्याच्या रस्त्यावर शोधणारा चरित्रकार मला हवा आहे.

आमच्या घरातली गोष्ट कचेरी घेतल्यावर संपत नाही. तिथून ती सुरू होते. दुसऱ्या दिवशी चाचा म्हसळ्याहून चालत बोर्लीत आले. डोकं उघडं, कमरेला पट्टा नाही. मोहल्ल्याकडे न वळता आधी आमच्या ओटीवर टेकले. पणजीने तांब्या पुढे केला, "आधी पाणी घे, मग सांग." आजोबा दाराआड उभे होते, बाहेर यायचा धीर झाला नाही. गावात दोन्हीकडे भीती होती. नवाब गेला याचा आनंद खरा होता, आणि शेजारच्यांचं आता काय होणार ही धास्तीही खरी होती. आजोबा दोन्ही सांगत, एकही वगळत नसत.

लगोलग दिल्लीहून ती बातमी आली. ३० जानेवारीला गांधीजींना मारलं. ज्या आठवड्यात गुढ्या उभारायच्या, त्याच आठवड्यात आमच्या आळीत आणि मोहल्ल्यातही चुली पेटल्या नाहीत. चाचा पुन्हा येऊन ओटीवर बसले, आणि त्या दिवशी आजोबा त्यांच्या शेजारी जाऊन बसले. हात आपणच दाखवला, हे मात्र त्यांनी चाचांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मुक्तीच्या कुठल्याही वर्णनात हा शिपाई मला भेटलेला नाही. पणजीचा तांब्याही नाही. आमच्या शेजारच्या दिवेआगरात शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा, मराठी ताम्रपट सापडला. विषय गावच्या सोन्याच्या ठेवीचा, पण माणसांची नावं त्यात एकेक करून कोरलेली आहेत. साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या त्या गावकऱ्यांची नावं आपण आज वाचू शकतो. १९४८मध्ये वाट दाखवणाऱ्यांची, भाकरी देणाऱ्यांची, पट्टा उतरवून घरी परतणाऱ्यांची नावं कुठे वाचणार?

जंजिऱ्याच्या त्या आठवड्यात दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीच्या घरात आहे. बोर्ली, दिवेआगर, म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड, कुठल्याही आळीत किंवा मोहल्ल्यात असं कुणी तुमच्या घरी असेल, तर या ३१ जानेवारीची वाट पाहू नका. वही घेऊन आजच त्यांच्याजवळ बसा, आणि ते सांगतील ती नावं लिहून घ्या.