कादंबरीतला गाविलगड आणि खरा गाविलगड

लढाईची कादंबरी कोणाला आवडत नाही? दिवाळीच्या सुट्टीत ती घरातल्या आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांच्या हातून फिरते. म्हणूनच तिच्यात लिहिलेले खरे किती आणि रचलेले किती, हा प्रश्न केवळ इतिहाससंशोधकांचा राहत नाही. पुष्कळांना इतिहास म्हणून जे आठवते ते असल्या पुस्तकांतूनच आलेले असते.

आमच्या वऱ्हाडापुरते याचे उत्तम उदाहरण म्हणजे गाविलगड. बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज कादंबरीकाराने विसाव्या शतकाच्या अखेरीस ‘शार्प्स फोर्ट्रेस’ नावाची कादंबरी लिहिली. तिचा नायक शार्प हा काल्पनिक. पण तिच्यातली लढाई आमच्या अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतली, आणि अगदी खरी.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगावजवळ नागपूरकर भोसले व शिंदे यांच्या फौजांची गाठ आर्थर वेलस्लीशी पडली. पुढे १८१५ साली नेपोलियनला हरविणारा वेलिंग्टन तो हाच. भोसल्यांचे पायदळ रघूजीराजांचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्या हाताखाली होते. दिवस कलता कलता लढाईला तोंड लागले. मराठ्यांच्या तोफा धडाडताच इंग्रजांच्या देशी शिपायांच्या तीन पलटणी गोंधळून मागे पळाल्या. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना सावरले, आणि आपण तेथे नसतो तर दिवस हातचा गेला असता, अशी कबुली त्याने पुढे पत्रातून दिली. अखेर मराठी फौज मोडली व चांदण्यात तिचा पाठलाग झाला.

मग पाळी आली गाविलगडाची. चिखलदऱ्याजवळचा हा किल्ला १४२५ साली अहमदशहा बहामनीने बांधला. स्टीव्हन्सनच्या फौजेने मेळघाटाच्या डोंगरांतून स्वतः वाट फोडून, जड तोफा हातांनी ओढीत किल्ल्याच्या उत्तरेला नेल्या. १५ डिसेंबरला बाहेरच्या कोटाला पडलेल्या खिंडारातून शत्रू आत शिरला. आतला कोट मात्र शाबूत होता. ९४ व्या पलटणीचा कॅप्टन कॅम्पबेल आपली तुकडी घेऊन शिडीने त्या तटावर चढला आणि त्याने आतून दरवाजा उघडला. किल्ला पडला.

कादंबरीत हा तट चढतो तो शार्प. मला यात फारसे गैर वाटत नाही. नायकाला पराक्रम द्यावाच लागतो, आणि कॅम्पबेलचा मान आपण शार्पला दिला, हे लेखकाने पुस्तकाच्या शेवटी सरळ सांगून टाकले आहे. उसने घेतले ते नाव घेऊन परत केले, एवढे पुरे.

माझी तक्रार वेगळी आहे. मन्याबापू या कादंबरीत गाविलगडावर मरतो. प्रत्यक्षात तो १८११ साली काशीत वारला. ही तारखेची गोष्ट म्हणून सोडून देता येईल. पण किल्लेदार बेणीसिंग? कादंबरीतला बेणीसिंग घाबरट, शरण जायला उतावीळ. खरा बेणीसिंग रजपूत होता, आणि त्याचे प्रेत दरवाजापाशी पडलेल्या प्रेतांच्या ढिगाऱ्यात सापडले, असे त्याच्या शत्रूंनीच लिहून ठेवले आहे. दरवाजा लढवीत मेलेल्या माणसाला भित्रा ठरविले, तर त्याची बाजू मांडायला येणार कोण? कॅम्पबेलची आठवण ठेवणारे त्याच्या देशात पुष्कळ आहेत. बेणीसिंगाचे नाव आमच्या वऱ्हाडातही किती घरांत ठाऊक आहे?

आणि हा न्याय केवळ परक्यांना लावून भागणार नाही. आपल्याही ऐतिहासिक कादंबऱ्यांत शत्रू बहुधा मूर्ख आणि आपला शिपाई कधी न पळणारा असतो. वेलस्लीने आपल्या पलटणी पळाल्याचे लिहून ठेवले, म्हणून अडगावच्या त्या संध्याकाळी पारडे किती डळमळत होते ते आज आपल्याला कळते. पराभव लपविला की त्याची कारणेही लपतात. गाविलगड पडल्यावर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले व त्यांच्या आसपासचा थोडा मुलूख तेवढा भोसल्यांकडे राहिला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा बाकीचा मुलूख गेला आणि ही सोन्याची कुऱ्हाड निजामाच्या हाती पडली. शिंद्यांचा तह ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावी झाला. एवढी उलथापालथ ज्या महिनाभरात झाली, तिच्यावर पात्रे रचून रंग चढविण्याची गरज खरोखर आहे का?

कादंबरीकाराने संवाद रचावेत, मनातले विचार रचावेत, शिडीवर हवा तो नायक चढवावा. ती त्याची मुभा आहे. मात्र ज्याचे नाव खरे ठेवले, त्याचे शौर्य किंवा भेकडपण मनचे घालू नये. घालायचेच तर नावही मनचे घालावे. या सुट्टीत मुलांना घेऊन चिखलदऱ्याला जाणार असाल, तर त्यांना शार्पची गोष्ट खुशाल सांगा. फक्त गाविलगडाच्या दरवाजाशी पोचलात की बेणीसिंगाचीही सांगा.