नँटकेट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मॅसॅचूसेट्स राज्याचे एक बेट व त्यावरील ऐतिहासिक बंदर. केप कॉड द्वीपकल्पाच्या दक्षिणेस सु. ४८ किमी. अंतरावर अटलांटिक महासागरात. मूळ रहिवासी वाम्पनोआग. इंग्रजांची वस्ती १६५९ पासून. अठराव्या शतकात व एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात देवमाशांच्या शिकारीत या बंदराचे नाव जगभर होते. देवमाशाच्या धडकेने १८२० मध्ये पॅसिफिकमध्ये बुडालेले ‘एसेक्स’ जहाज इथलेच.

हे गाव पाहायला समुद्रावरूनच यावे. त्याची भरभराट आणि पडझड ज्या गोष्टीशी जोडलेली आहे ती प्रथम होडीतच जाणवते : बंदराच्या तोंडाशी आडवा पसरलेला वाळूचा उथळ दांडा. दूरच्या सफरींसाठी जहाजे मोठी होत गेली, तशी भरलेली जहाजे त्यावरून आत येईनात. त्यावर १८४२ मध्ये पीटर यूअर यांनी ‘उंट’ बांधले. हे दोन पोकळ तराफे पाणी भरून बुडवायचे, साखळदंडांनी जहाजाच्या दोन्ही अंगांना जखडायचे आणि मग पाणी उपसायचे. तराफे वर येताना जहाजालाही उचलत. युक्ती साधली, पण तोवर धंदा खोल पाण्याच्या न्यू बेडफर्ड बंदराकडे वळला होता. दांड्यातून वाट मोकळी ठेवणारे दगडी बांध १८८१ पासून उभारले गेले. भरतीला त्यांचा काही भाग पाण्याखाली जातो; धुकेही इथे नेहमीचे. म्हणून होडी बोयांनी आखलेल्या वाटेनेच आत न्यावी. उजव्या हाताला ब्रँट पॉइंटचे ठेंगणे दीपगृह लागते. तिथे पहिला दिवा १७४६ मध्ये लागला. आजचा लाकडी मनोरा १९०१ चा.

१३ जुलै १८४६ च्या रात्री लागलेल्या आगीत गावाचा सु. तिसरा हिस्सा जळाला; धक्क्यांवरच्या देवमाशाच्या तेलाने ती भडकली. पाठोपाठ कॅलिफोर्नियातील सोन्याने माणसे ओढून नेली, खनिज तेलाने दिव्यांची बाजारपेठ घेतली. शेवटचे शिकारी जहाज १८६९ मध्ये सुटले. जुनी घरे पाडून नवी बांधायला पैसाच उरला नाही, त्यामुळे क्वेकर पंथीयांच्या साधेपणाची, करड्या लाकडी फळ्यांची घरे टिकली. पर्यटन बहरल्यावर १९५५ मध्ये त्यांना कायद्याचे संरक्षण मिळाले.

धक्क्याजवळच्या, १८४७ मधील मेणबत्ती कारखान्यात शिकारीचे संग्रहालय आहे. गोट्यांनी फरसबंद केलेल्या मेन स्ट्रीटवरील पॅसिफिक बँकेच्या छपरावरून मारिया मिशेल यांनी १ ऑक्टोबर १८४७ रोजी धूमकेतू शोधला.

बहुतेक पाहुणे इथूनच परततात. त्यांनी आणखी थोडे चालून कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीतील आफ्रिकन मीटिंग हाउस गाठावे. ॲब्सलम बॉस्टन यांनी १८२२ मध्ये सर्व कृष्णवर्णीय खलाशी घेऊन ‘इंडस्ट्री’ जहाज शिकारीला नेले, ते याच वस्तीतले. कृष्णवर्णीय मुलांना सरकारी शाळेत सरसकट प्रवेश मिळावा म्हणून इथल्या रहिवाशांनी राज्य विधिमंडळाकडे अर्ज केला. १८४५ मध्ये तसा कायदा झाला.