नेब्रास्काचे टॉम ऑस्बोर्न : निवृत्तीच्या हंगामात एकही सामना न हरलेले प्रशिक्षक

अमेरिकेतलं नेब्रास्का हे मक्याचं राज्य. तिथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं नावच ‘कॉर्नहस्कर्स’, म्हणजे मक्याची कणसं सोलणारे. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. यात लांबट चेंडू हातात घेऊन पळतात आणि चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावं लागतं. लिंकन शहरातल्या या संघाच्या घरच्या मैदानावरील सगळी तिकिटं 1962 पासून दरवेळी संपतात.

कोण होते ऑस्बोर्न?
टॉम ऑस्बोर्न 1973 मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले. दरवर्षी किमान नऊ सामने जिंकूनही विजेतेपद मात्र 21 वर्षं हुलकावणी देत राहिलं. जानेवारी 1984 च्या ऑरेंज बाउलमध्ये मायामीविरुद्ध शेवटच्या मिनिटात एक गुण घेतला असता तर बरोबरी झाली असती आणि विजेतेपदही जवळपास पक्कं होतं. पण त्यांनी जिंकण्यासाठी दोन गुणांचा प्रयत्न केला. तो फसला आणि सामना 31-30 असा गेला. पुढे 1994 आणि 1995 अशी सलग दोन विजेतेपदं मिळाली.

1997 चा हंगाम
8 नोव्हेंबरला मिसुरीविरुद्ध संघ हरल्यात जमा होता. शेवटच्या काही सेकंदांत स्कॉट फ्रॉस्टने फेकलेला चेंडू विगिन्सच्या पायाला लागून उडाला. तो जमिनीवर पडायच्या आत मॅट डेव्हिसनने झेलला. बरोबरी झाली आणि जादा वेळेत नेब्रास्काने 45-38 अशी बाजी मारली. तरीही काठावरच्या या विजयामुळे क्रमवारीतलं पहिलं स्थान हातचं गेलं.

बिग 12 च्या अंतिम सामन्यात टेक्सास ए अँड एमला 54-15 असं हरवल्यावर, 10 डिसेंबरला ऑस्बोर्न यांनी निवृत्ती जाहीर केली. 1985 मध्येच त्यांच्या हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली होती. जबाबदारी त्यांचे जुने सहकारी फ्रँक सोलिच यांच्याकडे गेली.

शेवटचा सामना
2 जानेवारी 1998 रोजी ऑरेंज बाउलमध्ये समोर पेटन मॅनिंगचा टेनेसी संघ होता. नेब्रास्काने 42-17 असा धुव्वा उडवला. अहमन ग्रीन एकटा 206 यार्ड धावला. हंगाम संपला तेव्हा हिशेब होता 13 विजय, शून्य पराभव.

विजेते दोन कसे?
मिशिगनही अजिंक्य होता, पण त्यांच्या गटाचा विजेता रोज बाउललाच जायचा, म्हणून दोघांची गाठच पडली नाही. पत्रकारांच्या मतदानात मिशिगन पहिला आला, तर प्रशिक्षकांच्या मतदानात नेब्रास्का. त्यामुळे विजेतेपद वाटून गेलं.

थोडक्यात कारकीर्द
- हंगाम : 25
- विजय 255, पराभव 49, बरोबरी 3
- राष्ट्रीय विजेतेपदं : 1994, 1995, 1997

ऑस्बोर्न पुढे 2001 ते 2007 या काळात अमेरिकी संसदेत नेब्रास्काच्या ग्रामीण भागाचे खासदार होते.