आपण विकलेलं शहर

पोंगलला चेन्नईचं ऑफिस बंद असतं. मी एका रिलीजसाठी तिकडे गेलो होतो आणि मध्येच चार दिवस मोकळे मिळाले. शहाडला येऊन परत जाण्यापेक्षा पाँडिचेरी जवळ होती, जेमतेम दीडशे किलोमीटर. शिवाय डोक्यात एक रील होतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने आपले बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजी, तामिळनाडूत. पाँडिचेरीहून जिंजी साधारण सत्तर किलोमीटर. गडावर उभं राहून 'इथेही आपणच होतो' म्हणायचं, मागे ढोल लावायचा, झालं.

खोली मिळाली ती रू द्युमा नावाच्या रस्त्यावर. फ्रेंचमध्ये रू म्हणजे रस्ता. रस्त्यावरून घर दिसतच नाही, दिसते ती फक्त उंच पिवळी भिंत आणि एक लाकडी दार. आत गेलं की अंगण, अंगणाभोवती खांबांचा व्हरांडा आणि त्यावर उघडणाऱ्या सहा खोल्या. हॉटेल एवढंच. भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कठड्यावर मांडी घालून बसता येतं. छताला जवळजवळ लावलेले लाकडी वासे, त्यांवर उभ्या विटा आणि चुना. आमच्या शहाडच्या बिल्डिंगमध्ये शेजारच्यांचा मिक्सर चालू झाला की आमचा कप थरथरतो. इथे दार लावलं की समुद्रसुद्धा ऐकू येईना.

मालक सत्तरीचे, तमिळ, पासपोर्ट मात्र फ्रेंच. तिथे अशी बरीच कुटुंबं आहेत. १९६२ मध्ये पाँडिचेरी कायदेशीररीत्या भारतात आली तेव्हा काहींनी फ्रेंच नागरिकत्व ठेवलं, आणि यांचे वडील फ्रेंच सैन्यात होते. ते बायकोशी तमिळमध्ये बोलत, फोनवर मुलीशी फ्रेंचमध्ये, आणि माझ्याशी इंग्रजीत. मी त्यांना सर म्हणायचो, ते मला 'यंग मॅन'.

कॉफी प्यायच्या टेबलासमोर त्यांनी शहराच्या इतिहासाचा एक बोर्ड लावला आहे. १६७४: फ्रान्स्वा मार्तां येतो. १६९३: डच येतात. १६९९: डच जातात. १७४२: डुप्ले गव्हर्नर. १७६१: इंग्रज शहर पाडतात. १९५४: फ्रेंच जातात. मी विचारलं, डचांनी शहर कोणाकडून घेतलं? ते म्हणाले, "फ्रेंचांकडून. लढाई झाली." हे खरं आहे. पण अर्धंच.

उरलेलं अर्धं मी त्या तीन रात्री फोनवर वाचून काढलं, आणि माझ्या रीलची वाट लागली.

सुरुवात छान होती. १६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले, जिंजी घेतली, आणि शेरखान लोदी या विजापुरी सरदाराचा पराभव केला. फ्रेंचांना पाँडिचेरीत जागा देणारा हाच शेरखान. त्याचा आधार गेल्यावर मार्तां घाबरला. त्याच्याकडे मूठभर माणसं होती. त्याने महाराजांकडे वकील पाठवला, आणि फ्रेंचांनी तटस्थ राहायचं या अटीवर महाराजांनी त्यांना राहू दिलं. मार्तांच्या आठवणींमध्ये त्या छावणीचं वर्णन आहे. थाटमाट नाही, बायका नाहीत, सामानसुमान नाही. जाड्याभरड्या कापडाचे दोन लहान तंबू, एक महाराजांचा, एक मुख्य प्रधानाचा. मी हे वाचत होतो ते मच्छरदाणी लावलेल्या चार खांबांच्या पलंगावर लोळत, रात्रीचे साडेसहा हजार मोजून.

तर फ्रेंच पाँडिचेरी टिकली ती मराठ्यांच्या परवानगीने. हे मालकांच्या बोर्डावर नव्हतं. मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली.

दुसऱ्या दिवशी जिंजी. बस बदलत गेलो, अडीच तास लागले. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायनदुर्ग असे तीन डोंगर आणि त्यांना एकत्र बांधणारी प्रचंड तटबंदी. गड म्हणजे जणू कोणी डोंगराएवढे धोंडे ट्रकमधून ओतले आणि त्यांतून भिंती काढल्या. खाली एक बहुमजली मनोऱ्यासारखी इमारत आहे, तिचं नाव कल्याण महाल. कल्याणवाल्याने सेल्फी घ्यायचाच, घेतला. राजगिरीची चढण मात्र सेल्फीची नाही. दम काढते, आणि अगदी माथ्याजवळ एक खोल घळ येते, तिच्यावर छोटा पूल. तो पूल काढून घेतला की विषय संपला.

शाळेत या गडाला आपण एक परिच्छेद देतो. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजी महाराजांना मारलं. त्याच वर्षी रायगड पडला, येसूबाई आणि छोटे शाहू कैदेत गेले. राजाराम महाराज वेषांतर करून निघाले आणि नोव्हेंबरात जिंजीला पोचले. पुढच्या वर्षी मोगल सेनापती झुल्फिकारखानाने वेढा घातला. गड पडला १६९८ च्या सुरुवातीला, तोवर राजाराम महाराज निसटले होते. ही आठ वर्षं जिंजी राजधानी होती. एवढं वाचून आपण पान उलटतो.

वर बसून घाम पुसताना मला एकच साधा प्रश्न पडला, जो परीक्षेत कधी आला नव्हता. आठ वर्षं पैसे कुठून आले? मुलूख मोगलांनी व्यापलेला, खजिना मागे राहिलेला. गडावरच्या शिबंदीला पगार, दाणागोटा, दारूगोळा. स्टार्टअपवाले ज्याला 'रनवे' म्हणतात, तो जिंजीचा किती महिन्यांचा होता?

उत्तर किनाऱ्यावर आहे. दरबाराकडे रोकड नव्हती, पण समुद्रकिनारा होता, आणि त्याला गिऱ्हाईकं होती.

पहिलं गिऱ्हाईक इंग्रज. पाँडिचेरीच्या दक्षिणेला कडलूरजवळ देवनामपट्टणम इथे मराठ्यांच्या ताब्यात एक छोटा किल्ला होता. १६९० मध्ये मद्रासचा गव्हर्नर एलिहू येल याने तो विकत घेतला. हो, अमेरिकेतल्या येल विद्यापीठाला ज्याचं नाव आहे तोच येल. सौद्यात किल्ल्याभोवतीची जमीनही होती, आणि ती मोजायची पद्धत वाचून मी वेटिंग लिस्टच्या मेसेजकडे बघावं तसा फोनकडे बघत राहिलो. किल्ल्यावरून तोफ डागायची. गोळा जिथे पडेल तिथपर्यंतची सगळी गावं इंग्रजांची. इंग्रजांनी अर्थातच मद्रासहून चांगली लांब पल्ल्याची तोफ आणवली. सप्टेंबर १६९० मध्ये चारी दिशांना गोळे सुटले. त्या गावांना पुढे 'गुंडु ग्रामम' म्हणजे गोळ्याची गावं असं नावच पडलं.

त्या गावांतल्या कोणाला आदल्या दिवशी काही सांगितलं असेल का? सकाळी शेतात धप्पकन काहीतरी पडतं, आणि तुमचा मालक बदललेला असतो.

इंग्रजांनी त्या किल्ल्याला फोर्ट सेंट डेव्हिड नाव दिलं. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास जिंकलं तेव्हा इंग्रजांचा कारभार तिथूनच चालला. जिंजीचा खर्च भागवायला विकलेला किल्ला पुढे कोणाच्या कामी आला, बघा.

दुसरं गिऱ्हाईक डच, आणि माल होता पाँडिचेरी. युरोपात फ्रेंच आणि डच एकमेकांशी लढत होते. डचांनी जिंजीच्या दरबाराशी बोलणी केली आणि पैसे मोजून पाँडिचेरीचे हक्क विकत घेतले. मग १६९३ मध्ये आरमार आणून शहराला वेढा दिला. मार्तांकडे लढण्यासारखं काही नव्हतं. सप्टेंबरात त्याने शरणागती पत्करली. महाराजांनी ज्याला राहू दिलं होतं, त्याच्या पायाखालची जमीन सोळा वर्षांनी महाराजांच्याच मुलाच्या दरबाराने विकली.

आता मी काय करू? खोटं नको बोलायला, पहिली प्रतिक्रिया म्हणजे टॅब बंद केला. मग पुन्हा उघडला. राजाराम महाराजांच्या जागी मी असतो तर? वय अवघं विशीतलं, माझ्याहून कितीतरी लहान. भाऊ मारला गेलेला, वहिनी-पुतण्या कैदेत, खाली झुल्फिकारखान. मी तर सगळा किनारा विकला असता, वर डिस्काउंट दिला असता. जिंजी आठ वर्षं टिकली म्हणून मोगलांची मोठी फौज तिथे अडकून पडली आणि इकडे संताजी-धनाजींना धावायला रान मिळालं. हिशेब म्हणून सौदा वाईट नव्हता. माझी तक्रार सौद्याबद्दल नाहीच. तक्रार ही की शिकवताना आम्हाला वेढा सांगितला आणि पावती लपवली.

आणि हे एकदाच झालं असंही नाही. तंजावरच्या भोसल्यांनी १७३८-३९ मध्ये कराईकल फ्रेंचांना विकलं. ते आजही पुद्दुचेरी या केंद्रशासित प्रदेशाचा भाग आहे, त्याचं एक कारण तो व्यवहार.

जिंजीला खाली चहाच्या टपरीवर मी एकाला मोडक्या इंग्रजीत विचारलं, इथला राजा कोण? त्याने क्षणभरही न थांबता सांगितलं, राजा देसिंगु. म्हणजे तेजसिंग, बुंदेला राजपूत. १७१४ मध्ये अर्काटच्या नवाबाशी लढताना अगदी तरुणपणी मेला. त्याच्यावर तमिळमध्ये पोवाड्यासारखी गाणी आहेत. राजाराम हे नाव त्या माणसाला माहीत नव्हतं. कशाला असेल? गड त्याच्या गावात आहे.

परत आल्यावर मी रू द्युमावर फेरी मारली. पाँडिचेरीचे रस्ते काटकोनात आहेत, बुद्धिबळाच्या पटासारखे. मॅपवर शहाड उघडा, स्टेशन, पूल, नाला, कारखान्याची भिंत यांच्यामधून जागा मिळेल तिथून रस्ता वळलेला दिसेल. इथे पट्टीने ओढल्यासारखी रेष. टूरवाले सांगतात, ही फ्रेंच शिस्त. झाँ दलोश नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने जुने डच नकाशे शोधून २००४ च्या सुमारास दाखवून दिलं की हा आराखडा मुळात डचांचा आहे. डच इथे होते फक्त सहा वर्षं, पण तेवढ्यात त्यांनी रस्ते आखले, कोणत्या व्यवसायाची माणसं कुठे राहतील हेही ठरवलं. किनाऱ्यावरचा खरा धंदा कापडाचा होता, म्हणून विणकर हवे होते. १६९७ च्या तहाने शहर फ्रेंचांना परत द्यायचं ठरलं, १६९९ मध्ये दिलं. फ्रेंचांनी रेषा तशाच पुढे वाढवल्या.

म्हणजे ज्या रस्त्यावर मी खोली घेतली, त्याची आखणी डचांची, आणि डचांना ती जागा विकली आपण.

आणि रस्त्याचं नाव? बनुआ द्युमा, १७३५ ते १७४१ चा गव्हर्नर. इथे पुन्हा आपण येतो. मे १७४० मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांनी अर्काटच्या नवाब दोस्तअलीला दामलचेरूच्या खिंडीत मारलं. नवाबाचं कुटुंब पळून पाँडिचेरीत आलं, आणि द्युमाने दरवाजे उघडले. रघूजींनी खंडणी मागितली, शिवाय नवाबाचा जावई चंदासाहेब याची बायको आणि मुलगा आमच्या हवाली करा म्हणाले. द्युमा नाही म्हणाला. मराठ्यांच्या वकिलाला त्याने तटावरच्या तोफा हिंडवून दाखवल्या, आणि जाताना फ्रान्सच्या नांत शहरातल्या गोड मद्याच्या काही बाटल्या भेट दिल्या. कर्नल मॅलेसनने १८६८ च्या पुस्तकात पुढची गोष्ट रंगवून सांगितली आहे. बाटल्या रघूजींपर्यंत पोचल्या, चव आवडली, आणखी हव्या झाल्या, आणि बाटल्यांवर स्वारी थंडावली. मला ही इंग्रजी मसाला कथा वाटते. तोफा बघून आणि त्रिचनापल्लीकडे लक्ष होतं म्हणून रघूजी वळले असतील. पुढच्या मार्चमध्ये त्यांनी त्रिचनापल्ली घेतलीच, आणि चंदासाहेब सात वर्षं मराठ्यांच्या कैदेत गेला. मात्र त्याआधी किनाऱ्यावरचं पोर्टो नोव्हो लुटलं गेलं, यात मसाला नाही.

ज्याने आपल्याला दारातून परत पाठवलं, त्याच्या नावाच्या रस्त्यावर मी तीन रात्री आरामात झोपलो.

घर मात्र त्या काळातलं नव्हे. मालक 'खूप जुनं' म्हणतात, पण गोऱ्यांच्या वस्तीतलं बहुतेक सगळं १७६५ नंतरचं आहे. इंग्रजांनी महिनोन्महिने वेढा घालून पाँडिचेरी उपाशी मारली आणि १६ जानेवारी १७६१ ला आत शिरले. नंतर शहर पद्धतशीर जमीनदोस्त केलं. १४ जानेवारीला काय झालं ते मराठी माणसाला सांगायला नको. इंग्रजांचे इथले दोन मोठे स्पर्धक, एक पानिपतावर आणि एक या किनाऱ्यावर, दोन दिवसांच्या अंतराने आडवे झाले, आणि दोघांनाही त्या दिवशी एकमेकांची खबर नव्हती. त्याच महिन्यात आनंद रंग पिल्लै वारले. डुप्लेचे दुभाषी आणि व्यापारी. १७३६ पासून ते तमिळमध्ये रोजनिशी लिहीत होते. जहाजं, कापडाचे सौदे, दरबारातली भांडणं, अफवा, सगळं. कालव्यापलीकडच्या तमिळ भागात त्यांचं घर अजून आहे, खाली तमिळ ओसरी आणि वर फ्रेंच खांब.

निघायच्या सकाळी मी मालकांना सगळं सांगितलं. जिंजी, राजाराम, डच, पैसे. ते कॉफी ढवळत ऐकत होते. मग विचारलं, "तुम्हाला राग नाही येत हे सांगताना?" मी म्हणालो, थोडा येतो. त्यांनी बिलाच्या मागे माझ्याकडून राजारामचं स्पेलिंग लिहून घेतलं.

"बोर्ड चेन्नईहून छापून आणलाय," ते म्हणाले. "उन्हाने उडत चाललाय. नवा करीन तेव्हा बघू. पण एक ओळच मिळेल हं, जागा नाही."

रील टाकलंच नाही. कल्याण महालासमोरचा सेल्फी तेवढा आईला पाठवला. तिने विचारलं, हे कल्याणला कुठे आलं?