आयत्या वेळचे विषय

गेल्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून घरी आला होता. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणे, ज्याला तो 'कोडिंग' म्हणतो, हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. पाडव्याच्या दुपारी सगळे फराळाला बसलेले आणि हा कोपऱ्यात तोंड पाडून. चौकशी केली तर म्हणाला, "काका, माझा प्रश्न बंद केला." जगभरचे आज्ञावलीकार जिथे एकमेकांना अडीअडचणी विचारतात अशा एका ठिकाणी त्याने प्रश्न टाकला होता की, या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलाने कोणती पुस्तके वाचावीत? चहा होईपर्यंत चार अनोळखी माणसांनी तो 'विषयाबाहेरचा' ठरवून त्याला कुलूप लावले होते.

मला आधी हसूच आले. अठ्ठावीस वर्षे मी मुलांच्या निबंधाच्या वह्यांवर तांबड्या शाईने तोच शेरा मारीत आलो आहे. 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहायला सांगावे आणि मुलाने आजीच्या आजारपणावर दोन पाने लिहावीत. खाली शेरा : 'विषयांतर. दहापैकी तीन.' पण हे भांडण आज्ञावलीकारांच्या जगात केवढे जुने आहे हे पुतण्याने सांगितल्यावर माझ्यातला इतिहासाचा शिक्षक जागा झाला, आणि नंतरचे काही महिने मी त्याच वाचनात घालवले.

आज्ञावलीकारांची पहिली मोठी चावडी म्हणजे यूझनेट. १९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यातून ती निघाली. शेजारच्या चॅपेल हिल येथील विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोविन यांनी तिची पहिली कच्ची आज्ञावली लिहिली. १९८० च्या आरंभी ती इतरांसाठी खुली झाली. हेतू साधा होता. युनिक्स नावाची संगणकप्रणाली वापरणाऱ्यांनी एकमेकांना अडचणी विचाराव्यात आणि दुरुस्त्या कळवाव्यात. दिवसाला एखाददुसरा संदेश येईल असा संस्थापकांचा अंदाज होता.

अंदाज साफ चुकला. माणूस माणसाला भेटला की तो कामाचेच बोलेल असे समजणाऱ्यांनी कधी स्टाफरूममध्ये बसून पाहिलेले नसावे! थोड्याच वर्षांत तिथे विनोदांचा गट झाला, स्वयंपाकाचा झाला, विज्ञानकथांचा झाला, धर्मावर वाद घालणाऱ्यांचा झाला. शिव्याशाप आणि भांडणे यांच्यासाठीही एक स्वतंत्र गट काढून दिलेला होता. तिकडे जा आणि काय ते भांडून घ्या! बहुतेक गटांवर कोणाची देखरेख नव्हती. पुढे १९८४ च्या सुमारास काही गटांना राखणदार नेमण्याची पद्धत आली. संदेश आधी त्याच्याकडे जायचा, आणि त्याने पसंत केला तरच सर्वांपुढे यायचा.

आता हे सगळे चाले कसे, ते समजल्याशिवाय भांडणाचे मूळ कळणार नाही. आजच्यासारखे चोवीस तास जोडलेले जाळे तेव्हा या मंडळींपाशी नव्हते. रात्री एक यंत्र दुसऱ्या यंत्राला साध्या टेलिफोनवरून फोन लावी, साठलेले संदेश देई आणि घेई. दुसरे तिसऱ्याला देई. म्हणजे बाजारच्या एस.टी.तून गावोगाव निरोप जावेत तसा प्रकार. फोन लांबचा असेल तर बिल मोठे. आपल्याकडे एस.टी.डी. बूथवर रात्री अकरानंतर पाव दराने बोलायला लागणाऱ्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचे मर्म लगेच कळेल. लांब पल्ल्याची ही बिले काही मोजक्या विद्यापीठांतील आणि कंपन्यांतील संगणकविभाग सोशीत. त्यांना 'कणा' म्हणत, आणि त्यांच्या व्यवस्थापकांना मागून लोक 'कण्याचे टोळके' म्हणू लागले. गटांची अधिकृत यादी सांभाळण्याचे काम जीन स्पॅफर्ड हे बिनपगारी करीत.

चार लोकांची बडबड आपल्या बिलात का? हा प्रश्न टोळक्याला पडला यात नवल नाही. युरोपात संदेश पाठवण्याचा खर्च तर फारच होता, आणि धर्म, वंश असल्या विषयांवरच्या अखंड वादांचे पैसे आम्ही देणार नाही असे तिकडच्यांनी स्पष्ट सांगितले. त्यातून १९८६ च्या मध्यापासून १९८७ च्या मार्चपर्यंत यूझनेटचे 'महानामांतर' झाले. जुनी नावे मोडून सात शाखा केल्या: संगणक, विज्ञान, करमणूक, समाज, खुद्द यूझनेटचा कारभार, संकीर्ण, आणि शेवटची 'टॉक', म्हणजे नुसती बोलाचाली. जी भांडणे कोणाला नकोत ती सगळी 'टॉक'मध्ये. व्यवस्थापकाला खर्च वाचवायचा असेल तर त्याने ही एक शाखा छाटली की काम झाले. विषयांतर कोणते हे तत्त्वाने ठरले असे वरवर दिसते. खरे तर ते टेलिफोनच्या बिलाने ठरवले. शाळेचे वीजबिल ज्याच्या सहीने जाते, त्याला मी टोळक्याचा राग करायला सांगणार नाही.

त्या साली मी बेळगावात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होतो. घरी निरोप द्यायचा तर ट्रंक कॉल लावून पोस्टाच्या बाकावर दोन दोन तास बसायचे. तिकडे दूर कोणी टेलिफोनच्या तारेवरून स्वयंपाकाच्या पाककृती पाठवीत असेल, ही कल्पनाही कोणाला आली नसती.

आणि ठिणगी पडली ती पाककृतींवरूनच. ब्रायन रीड हे संगणकतज्ज्ञ पाककृतींच्या गटाचे राखणदार. नव्या रचनेत त्यांच्या गटाला दिलेले नाव त्यांना रुचले नाही. जॉन गिलमोर यांना अमली पदार्थांविषयी चर्चेचा गट हवा होता, तो मिळत नव्हता. ७ मे १९८७ रोजी हे दोघे आणि गॉर्डन मो हे तिसरे गृहस्थ कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू गावच्या एका खाणावळीत जेवायला भेटले. त्यांनी ठरवले की कण्याला वगळून आपणच आपल्या यंत्रांवरून समांतर शाखा चालवायची. तिचे नाव 'ऑल्ट', म्हणजे पर्यायी. पुढच्या वर्षी लैंगिक विषयाच्या गटावर रीतसर मतदान झाले, ठराव मंजूर झाला, तरी कण्याने तो वाहून नेण्यास नकार दिला. मत झाले, बहुमत झाले, आणि तरीही 'नाही'! रीड यांनी तो गट लगेच ऑल्टमध्ये काढून टाकला. ज्याला वाटेल त्याने तिथे गट काढावा; काही वर्षांत ऑल्टच्या गटांची संख्या सातही शाखांना मागे टाकून गेली.

हे वाचताना मला १८९५ चे पुणे आठवल्याशिवाय राहिले नाही. काँग्रेसच्या मंडपात फक्त राजकारण बोलावे, सामाजिक प्रश्न ज्या त्या समाजाने आपापले पाहावेत, ही रेघ दादाभाई नौरोजींनी १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनातच आखली होती. न्यायमूर्ती रानड्यांची सामाजिक परिषद १८८७ पासून काँग्रेस उरकल्यावर त्याच मंडपात भरे. पुण्याला टिळकपक्षाने मंडप देण्यास विरोध केला आणि रानड्यांनी परिषद दुसरीकडे भरवली. विधवांचे आणि बालविवाहाचे प्रश्न राष्ट्रसभेच्या दृष्टीने विषयाबाहेरचे होते. रेघ आखणाऱ्यांची कारणे खोटी नव्हती. एकी मोडेल ही भीती खरीच होती. पण मंडपाबाहेर जायची पाळी कोणाच्या प्रश्नांवर आली, हेही इतिहासाने लिहून ठेवले आहे.

यूझनेटकडे परत येतो, कारण नाण्याची दुसरी बाजू तिथेच आहे. अमेरिकेत दर सप्टेंबरला महाविद्यालये उघडत, नवी मुले जाळ्यावर येत आणि भलत्या गटात भलतेच विचारीत. जुनी मंडळी कुरकुरत त्यांना वळण लावीत, आणि दिवाळीच्या सुमारास सगळे शांत होई. आमच्या शाळेत जूनमध्ये पाचवीचे वर्ग भरतात तसेच हे. पण १९९३ पासून घरगुती ग्राहकांना जाळे विकणाऱ्या कंपन्यांनी लोंढाच सोडला. वळण लावणारे थोडे, येणारे अफाट. तो सप्टेंबर कधी संपलाच नाही, असे जुने लोक अजून म्हणतात. त्याच वर्षीच्या एप्रिलात स्पॅफर्ड यांनी यादीचे काम सोडून दिले होते. मग १२ एप्रिल १९९४ उजाडला. अ‍ॅरिझोनातील एका वकील दांपत्याने ग्रीन कार्ड लॉटरीची आपली जाहिरात पाच हजारांहून अधिक गटांत एकदम टाकली. युनिक्स असो, पाककृती असो, कविता असो, सगळीकडे तीच जाहिरात. त्या वेळी 'कण्याचे टोळके' हवे होते असे किती जणांना वाटले असेल! राखणदार नसलेल्या गटांत पुढे अशा जाहिरातींचा इतका कचरा साचला की बोलणारी माणसेच निघून गेली. जिथे कोणी झाडू मारीत होते ते गट तुलनेने तगले.

याच यूझनेटवर समाजशाखेत भारतीयांच्या गटाखाली 'मराठी' हाही एक गट १९९० च्या दशकात चालत होता. देवनागरी उमटत नसे, म्हणून परदेशी गेलेली आपली मुले रोमन अक्षरांत मराठी लिहीत. आज्ञावलीकारांच्या त्या मूळ चावडीच्या हिशेबाने हे सगळेच विषयांतर; पण अमेरिकेत एकट्या राहणाऱ्या एखाद्या मुलाला तिथेच आपली भाषा वाचायला मिळत होती. आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या माणसाला ती ओढ वेगळी समजावून सांगायला नको.

पुढची चावडी २००८ साली जोएल स्पोल्स्की आणि जेफ अ‍ॅटवूड यांनी काढली, 'स्टॅक ओव्हरफ्लो' या नावाची. यूझनेटच्या कचऱ्याचा धडा तिने गिरवला होता. ज्याला नेमके उत्तर असेल असा प्रश्न ठेवायचा. आवडनिवड, गप्पा, मतमतांतरे बंद. कामाची शिस्त म्हणून ती विलक्षण यशस्वी झाली. जगभरच्या आज्ञावलीकारांची अडलेली कामे तिच्या आधाराने पुढे सरकली. पण आरंभीच्या काळातले हजारोंनी डोक्यावर घेतलेले प्रश्न, आवडते व्यंगचित्र कोणते, कोणते पुस्तक वाचावे, हे पुढे कुलूपबंद झाले. काही पुसले गेले, काही 'ऐतिहासिक' म्हणून संग्रहालयातल्या तलवारीसारखे काचेआड ठेवले. आपले ठिकाण पुष्कळांना, विशेषतः नवख्यांना आणि स्त्रियांना, परके वाटते, हे २०१८ च्या एप्रिलमध्ये खुद्द कंपनीनेच मान्य केले. उलट २०२३ च्या जूनमध्ये तिथल्या बिनपगारी राखणदारांनी संप केला. यंत्राने लिहिलेली उत्तरे काढून टाकण्याचा आपला अधिकार कंपनीने आवळला, ही त्यांची तक्रार होती. झाडणाऱ्याच्या हातातला झाडू काढून घेतल्यावर तो रागावणारच. त्या उन्हाळ्यातच तडजोड झाली, पण चॅटजीपीटी आल्यापासून प्रश्न विचारणारेच झपाट्याने ओसरले आहेत. यंत्र कोणालाही 'विषयाबाहेरचा प्रश्न' म्हणत नाही.

हे सगळे लिहिताना एक गोष्ट मनात सारखी वर येते, ती सांगून टाकतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी शाळेत पालकसभा होती. विषय एकच, नव्या खोल्यांचा निधी. देणगीदार आलेले, वेळ थोडा. मागच्या बाकावरून एक बाई उठल्या आणि अर्धे कानडी, अर्धे मराठी बोलू लागल्या. सकाळच्या एस.टी.ची वेळ बदलली आहे, मुलगी एकटी चालत येते, वाटेत ओढा आहे. मी घंटी वाजवली. "अक्का, हा आजचा विषय नाही. आयत्या वेळच्या विषयांत घेऊ," असे म्हटले. त्या बसल्या. आयत्या वेळचे विषय चहानंतर होते आणि चहानंतर सभागृहात मी, कारकून आणि खुर्च्या उचलणारा शिपाई एवढेच उरलो होतो. पुढच्या जूनमध्ये पटावर त्या मुलीचे नाव नव्हते. नववीत होती. अक्षर चांगले होते. तिच्याही वहीवर माझा तांबडा शेरा कधी असेल तर मला आठवत नाही.

या वर्षीच्या पालकसभेत मी आयत्या वेळचे विषय चहाच्या आधी घेतले. पाऊण तास भटक्या कुत्र्यांवर गेला, वीस मिनिटे एका पालकाच्या जावयाच्या नोकरीवर. अंदाजपत्रक वाचायचे राहिले आणि खजिनदार माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.