तीन पीटर

लहान मुलांच्या चित्रमय पुस्तकांतील पात्र मुलाला आपलेंसें कां वाटतें, असें विचारलें असतां 'तें मुलासारखें असतें म्हणून' असें उत्तर बहुधा मिळतें. उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. मुलासारखें म्हणजे कोणाच्या नजरेनें पाहिलेल्या मुलासारखें, हें त्यांत येत नाहीं. योगायोग असा कीं, या वाङ्मयाच्या इतिहासांत निरनिराळ्या देशांत तीन पीटर होऊन गेले; त्या तिघांस शेजारीं शेजारीं उभें केलें म्हणजे आम्हांस काय म्हणावयाचें आहे तें ध्यानांत येईल.

पहिला पीटर जर्मन. फ्रांकफुर्ट येथील डॉक्टर हाइनरिख हॉफमन हे १८४४ च्या नाताळांत आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठीं चित्रांचें पुस्तक शोधीत होते. जिकडे तिकडे लांबलचक उपदेशच आढळला, तेव्हां ते एक कोरी वही घेऊन घरीं आले आणि चित्रें व पद्यें त्यांनीं स्वतःच रचिलीं. १८४५ सालीं तें पुस्तक छापून निघालें. नखें वाढलेला, केसांचें टोपलें झालेला पीटर हा त्यांतला एक. पुढें साऱ्या पुस्तकालाच त्याचें नांव पडलें. काड्यांशीं खेळणारी मुलगी जळून राख होते, सूप नको म्हणणारा मुलगा पांचव्या दिवशीं मरतो, अंगठे चोखणाऱ्याचे अंगठे शिंपी कात्रीनें कापून टाकतो. या अतिशयोक्तीची मौज मुलांना कळते हें आम्हांस मान्य आहे. पण या मुलांना आपापल्या दोषाखेरीज दुसरें आयुष्यच नाहीं. अंगठा चोखणें एवढेंच त्या मुलाचें चरित्र!

दुसरा पीटर ससा आहे. त्याच्या लेखिका बीट्रिक्स पॉटर यांचा जन्म १८६६ मध्यें लंडनच्या एका सधन घरांत झाला. शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें नाहीं. शिक्षण घरच्या शिक्षिकांकडून, आणि सोबत बहुतेक धाकट्या भावाची. या भावंडांनीं अभ्यासाच्या खोलींत ससे, उंदीर, बेडूक यांचा संसार मांडला होता. एखादा प्राणी मेला तर सांगाडा पाहण्यासाठीं तो उकडण्यासही त्यांनीं मागेंपुढें पाहिलें नाहीं. हा तपशील कोमल मनाच्या वाचकांस रुचणार नाहीं, पण तो वगळून चालत नाहीं. पुढें बाईंनीं अळंब्यांचा अभ्यास करून लिहिलेला निबंध १८९७ सालीं लिनियन सोसायटीपुढें ठेवण्यांत आला. स्त्रियांस त्या सभेंत मज्जाव असल्यामुळें त्या स्वतः तेथें नव्हत्या. पीटरच्या निळ्या कोटाखालीं खरा ससा आहे, तो या शिस्तीमुळें.

जुन्या शिक्षिकेचा पांच वर्षांचा मुलगा नोएल आजारी होता. त्याला काय लिहावें हें सुचेना, म्हणून बाईंनीं ४ सप्टेंबर १८९३ रोजीं स्कॉटलंडहून चार सशांची गोष्ट चित्रांसह पत्रांत लिहून धाडली. कांहीं वर्षांनीं तेंच पत्र परत मागून घेऊन त्याचें पुस्तक केलें. प्रकाशकांनीं नाकारल्यावर डिसेंबर १९०१ मध्यें स्वखर्चानें २५० प्रती काढल्या. ऑक्टोबर १९०२ मध्यें फ्रेडरिक वॉर्न कंपनीनें रंगीत आवृत्ति काढली. पुस्तक लहान हातांत मावेल एवढेंच असावें, हा बाईंचा आग्रह होता.

आईनें मना केलें असतां पीटर मॅक्ग्रेगरच्या बागेंत शिरतो. त्याच बागेंत गेलेल्या बापाचें पुढें भोजन झालें, हें आईनें आधींच सांगून टाकलेलें असतें. म्हणजे संकट लटकें नाहीं. पोट दुखेपर्यंत तो खातो, तोंच माळी समोर उभा! पळतांना जोडे हरवतात, आणि ते गेल्यावर तो चार पायांवर अधिक वेगानें धांवतो. पुढें नव्या कोटाचीं मोठीं बटणें जाळ्यांत अडकतात. कोट टाकून दिल्यावरच सुटका. आईनें चढविलेले कपडे अंगावर आहेत तोंवर तो मूल, ते गळून पडले कीं ससा. आणि जीव वांचतो तो ससा झाल्यामुळें. घरीं आल्यावर आई कपड्यांचें काय झालें याचें नवल करते, काढा पाजते आणि निजविते. शहाण्या बहिणींना दूध, पाव आणि रानफळें मिळतात. हाच पीटर हॉफमनच्या न्यायासनापुढें आला असता तर काय झालें असतें, याची कल्पना वाचकांनींच करावी.

ससा कोणत्याही घरच्या मुलाला आपला वाटतो. माणसाचें मूल काढावयाचें तर मात्र तें कोणाचें, हा प्रश्न टाळतां येत नाहीं. ब्रुकलिनमधील गरीब ज्यू कुटुंबांत १९१६ सालीं जन्मलेले एझ्रा जॅक कीट्स यांनीं १९४० मध्यें 'लाइफ' साप्ताहिकांतील एका लहान कृष्णवर्णीय मुलाचीं छायाचित्रें कापून ठेविलीं होतीं. त्या चेहऱ्यावरून सुमारें वीस वर्षांनीं तिसरा पीटर जन्मला. तांबडा पोशाख घालून बर्फांत खेळावयास निघालेल्या या मुलाचें पुस्तक १९६२ मध्यें निघालें, व १९६३ मध्यें त्याला कॅल्डिकॉट पदक मिळालें. त्या वेळीं अमेरिकेंत असें मूल पुस्तकांत किती दुर्मिळ होतें, तें नॅन्सी लॅरिक यांनीं १९६५ मध्यें दाखवून दिलें: तीन वर्षांतील ५,२०६ बालपुस्तकांपैकीं अवघ्या ३४९ पुस्तकांत कृष्णवर्णीय मनुष्य आढळला. पीटरच्या वर्णाचा मजकुरांत उल्लेखही नाहीं, आणि आईचें चित्र भडक काढलें आहे, असे आक्षेपही त्यांनीं घेतले. दुसरा आक्षेप आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो. पहिला मुळींच पटत नाहीं. मूल बर्फांत खेळतांना स्वतःच्या वर्णाची उजळणी करीत नसतें.

हा पीटर बर्फाचा एक गोळा उद्यांसाठीं खिशांत ठेवतो, आणि निजण्यापूर्वीं पाहतो तों खिसा रिकामा. वळवाच्या पावसांत गारा वेंचून खिशांत भरणाऱ्या आमच्याकडील मुलाला हें दुःख बर्फ न पाहतांही कळतें. वडील मंडळींनीं मात्र सदरा ओला कसा झाला, एवढेंच विचारलेलें असतें.