१९३१ चें तातडीचें अंदाजपत्रक

ब्रिटननें २१ सप्टेंबर १९३१ रोजीं सुवर्णचलन सोडलें. मंदीनें हिंदुस्थान सरकारचें जकातीचें उत्पन्न आधींच खालावलें होतें. महिना संपण्यापूर्वींच अर्थसचिव सर जॉर्ज शूस्टर यांनीं मध्यवर्ती असेंब्लीपुढें तातडीचें अंदाजपत्रक मांडलें: बहुतेक करांवर शेंकडा २५ जादा, सरकारी नोकरांच्या पगारांत शेंकडा १० काट. दांडीच्या सत्याग्रहास जेमतेम दीड वर्ष झालें होतें, तरी मीठहि सुटलें नाहीं. मणामागें सव्वा रुपयाचा कर एक रुपया नऊ आणे झाला.

सभासद म्हणत, आधीं खर्च आटोपा. पण आटोपणार कोण? १९१९ च्या कायद्यानें लष्करी खर्च, कर्जावरील व्याज व बड्या अधिकाऱ्यांचे पगार मतदानाबाहेर ठेवले होते. व्हाइसरॉयच्या अनुज्ञेवांचून त्यांवर चर्चाहि होत नसे. उरलेल्या मागण्यांत शंभर रुपयांची काट सुचवून रोष नोंदवावा, एवढेंच सभासदांच्या हातीं होतें.

कर नाकारण्याचा हक्क कागदोपत्रीं होता. नोव्हेंबरांत असेंब्लीनें तो बजावला. तेव्हां लॉर्ड विलिंग्डन यांनीं आपल्या सहीनेंच बिलाचा कायदा केला. १९२३ सालीं मीठकर दुप्पट करतांना लॉर्ड रीडिंग यांनींहि हाच मार्ग धरला होता.

१९५० च्या संविधानांत कर्जावरील व्याज अद्याप मतदानाबाहेर आहे, पण त्यावर चर्चा खुली आहे. सैन्याच्या खर्चास मात्र लोकसभेचें मत लागतें.